एकसष्टावी पायरी

“तुझी डबी दे,” आप्पा म्हणाले.

मांडवाच्या दारात नवरदेव घोड्यावरून उतरत होता, करवल्यांची पुढं व्हायची घाई चालली होती, आणि नेमकी त्याच वेळी आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सनईची पत्ती उभी चिरली. सनईच्या तोंडाशी गवताची चपटी पत्ती असते, ओठांत धरून वाजवतात ती. ती चिरली की सनई म्हणजे नुसतं लाकूड. आप्पांनी कनवटीची दुसरी काढली, तर ती उन्हानं वाळून वाकडी झालेली. मग त्यांनी माझ्याकडं हात पसरला.

मी डबी पाठीमागं सरकवली.

का, ते सांगतो. आम्ही गुरव. आमच्या घरात कुणी कुणाच्या पत्तीला हात लावत नाही. तोंडातली वस्तू ती. एक वेळ माणूस दुसऱ्याच्या ताटातला घास उचलेल, पण पत्ती नाही. म्हणून तर मी अक्कलवंतानं माझ्या अडीच सिगारेटी पत्त्यांच्या डबीत ठेवल्या होत्या! दप्तर आई झटकायची, पँटचे खिसे बहीण धुवायच्या आधी उलटे करायची. घरात एवढी एकच जागा अशी होती, की जिथं देवसुद्धा बोट घालणार नाही. दोन सिगारेटी अख्ख्या आणि एक अर्धी, विझवून ठेवलेली.

“वासू, डबी!”

दिली. काय करतो?

आप्पांनी झाकण उघडलं. आत बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, आता कानाखाली वाजणार म्हणून. तोंडावरची रेष हलली नाही. त्यांनी दोन सिगारेटींच्या मधली पत्ती चिमटीत उचलली, तोंडात धरून ओली केली, आणि तेव्हा मात्र त्यांचा ओठ एकदाच वाकडा झाला. आयुष्यात सुपारीचं खांड न खाल्लेला माणूस तो. माझी सहा महिन्यांची तंबाखू त्यांच्या जिभेवर उतरली असणार.

त्यांनी पत्ती बसवली आणि वाजवायला लागले. नवरदेव आत आला, मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, तोवर तीच पत्ती. मी शेजारी बसून सूर धरत होतो. सूर म्हणजे भोकं नसलेली सनई. एकच स्वर, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मध्ये तुटायचा नाही. गालात हवा साठवायची, ती बाहेर ढकलता ढकलता नाकानं नवी ओढायची. त्या दिवशी माझा सूर तीनदा थरथरला. भीतीनं थरथरला असं मी मनाला सांगितलं. खरं कारण मला ठाऊक होतं.

वाजवणं संपल्यावर आप्पांनी पत्ती धोतराच्या सोग्याला पुसली, डबीत ठेवली, झाकण लावलं आणि डबी माझ्या हातात दिली. मांडवामागं जाऊन मी ती उघडली. अडीचच्या अडीच जागेवर होत्या.

एसटीनं कराडवरून गावाकडं येताना आप्पा खिडकीतून बाहेर बघत बसले होते. सबंध वाटेत एवढंच म्हणाले, “यंदा ऊस लवकर तुटला.”

मारलं असतं तर बरं झालं असतं हो! तीन दिवस मी घरात चोरासारखा वावरलो. आप्पा देवळात जायचे, पूजा करायचे, जेवायचे, झोपायचे. एक शब्द नाही.

आता सिगारेटीचं सांगतो. मी सोळा वर्षांचा, दहावीत. जालिंदर नावाचा माझा मित्र होता, वर्गातला सगळ्यात देखणा आणि सगळ्यात वाया गेलेला. गणपतीच्या सुट्टीत त्यानं मला पाटाच्या मोरीखाली नेऊन पहिली सिगारेट दिली. मी खोकून खोकून रडकुंडीला आलो, आणि तो हसून म्हणाला, “सनईवाल्याचा पोरगा तू, आणि एवढा दम न्हाय?” झालं. माझी दुखरी नस नेमकी सापडली त्याला. दम दाखवायला म्हणून दुसरी ओढली, तिसरी ओढली. दिवाळीपर्यंत रोज एक. संक्रांतीला चार. मग असं व्हायला लागलं, की सकाळी डोळा उघडला की आधी मोरी आठवायची, मग देव. परत येताना पेरूचा पाला चघळायचा, बोटांना कडुलिंब चोळायचा. शहाणपण सगळं वास लपवण्यात. पत्ती माझ्या तोंडातलं सगळं पिऊन घेत होती, हे मात्र माझ्या टाळक्यात आलं नाही.

आणि त्याच साली माझ्यावर पायऱ्यांचा सूर आला होता.

आमच्या गावचा भैरोबा डोंगरावर. एकशे बारा पायऱ्या. चैत्रात यात्रेला पालखी वर चढते, तेव्हा पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सनईचा सूर तुटायचा नाही, असा आमच्याकडचा रिवाज. तुटला तर पालखी जागच्या जागी थांबते. सूर पुन्हा लागेपर्यंत भोई खांद्यावर ओझं घेऊन उभे. सनई आप्पांची, सूर आमच्या बाळूकाकांचा, अशी बावीस वर्षं गेली. आदल्या वर्षी एकसष्टाव्या पायरीवर काकांचा सूर तुटला. बिड्यांनी छाती पोखरली होती त्यांची. काका पायरीवर बसले ते बसलेच, आणि पालखी सगळ्या गावासमोर थांबली. आप्पांनी नुसत्या सनईवर ती कशीबशी वर नेली. पण गावात चर्चा सुरू झाली, की गुरवांच्या घरातला दम संपला. यंदा सूर तुटला तर पुढच्या साली बाहेरचे वाजंत्री आणायचे, असं पंचांनी आप्पांना तोंडावर सांगितलं होतं. सात पिढ्यांचा मान. आणि तो आता माझ्या छातीवर, जिच्यात मी रोज चार सिगारेटींचा धूर भरत होतो.

चौथ्या दिवशी पूजा झाल्यावर आप्पांनी मला देवळात बोलावलं. मी मान खाली घालून उभा राहिलो.

“बस.”

बसलो.

“मारायचं न्हाय ठरवलंय मी,” आप्पा म्हणाले. “मारून पत्ती मुरत न्हाय.”

त्यांनी फडक्यातून एक कोरी पत्ती काढली. हिरवट, ताठ. नव्या पत्तीला आवाज नसतो. ती महिनाभर रोज तोंडात धरून मुरवावी लागते, तेव्हा ती मऊ होते आणि बोलायला लागते. ज्याची पत्ती, त्यानंच मुरवायची.

“ही यात्रंला वाजवायची,” आप्पा म्हणाले.

“मी तर सूर धरणार हाय, आप्पा.”

“तुझी न्हवं. माझी पत्ती हाय ही. मी वाजवणार. मुरवायची तू.”

मला वाटलं माझ्या ऐकण्यातच चूक झाली. “मी? तुमची?”

“रोज सकाळ-संध्याकाळ. तुझ्या तोंडात. यात्रंदिवशी तू देशील तशी मी तोंडात धरणार. पायऱ्यांवर माझ्या जिभंवर काय यायचं, ते तू ठरव.”

उठले आणि घंटा वाजवून बाहेर गेले. सिगारेटीचं नाव काढलं नाही. सोड म्हणाले नाहीत, शपथ घातली नाही. देवळात मी आणि ती कोरी पत्ती.

पहिले तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. डोकं ठणकायचं, आमटीत मीठ जास्त झालं म्हणून मी आईवर ओरडलो. आई म्हणाली, “पोराला परीक्षंचा ताप आलाय.” ओसरीवर बसलेले बाळूकाका खोकता खोकता माझ्याकडं बघत होते. त्यांना सगळं कळत होतं. ते स्वतः कितीदा सोडायला बसले आणि कितीदा हरले, त्याची मोजदाद नव्हती.

“पाचव्या दिवशी लई छळतंय,” ते एकदा हळूच म्हणाले. “मी कधी त्याच्या पल्याड गेलो न्हाय. तू गेलास तर सांग मला, तिथं काय हाय.”

मी पाचव्याच्या पल्याड गेलो. आठवा गेला, दहावा गेला. पत्ती थोडी मऊ झाली, फुंकली की चिमणीच्या पिल्लाएवढा आवाज द्यायला लागली. आणि मी हुरळलो. सुटलो म्हणालो.

बाराव्या दिवशी बीजगणिताचा पेपर. तो असा गेला, की वर्गातून बाहेर पडताना मला रडू येत होतं. जालिंदर दारात उभा. “चल मोरीखाली,” म्हणाला. “एक झुरका मार, सगळं बीजगणित धुरात.” डबी माझ्या खिशातच होती. अर्धी काढली. अर्धीच तर आहे, असं म्हणालो. त्या अर्धीनं मला जे सुख दिलं ते मी नाकारणार नाही. दोन मिनिटं अंग हलकं झालं. तिसऱ्या मिनिटाला मला आप्पांचा वाकडा झालेला ओठ दिसला.

घरी येऊन पेरूचा पाला खाल्ला, चुळा भरल्या, तुळशीची पानं चावली. संध्याकाळी पत्ती तोंडात धरली. थंड होती तोवर काही नाही. तोंडातल्या उबेनं ती गरम झाली, आणि आला वास. बारा दिवसांची मेहनत, आणि एका अर्धीनं तिच्यात घर केलं. मी ती पाण्यात भिजवली, पुसली, पुन्हा धरली. पुन्हा तेच.

गप्प बसता आलं असतं. अजून सव्वीस दिवस होते, वास उडालाही असता. आप्पा काही रोज हुंगून बघत नव्हते. पण तीच तर गोम होती. आप्पा बघतच नव्हते! चोरी पकडायला कुणी उभं असतं तर मी चोरी केली असती. दार सताड उघडं टाकून माणूस निघून गेल्यावर काय करणार?

आप्पा गोठ्यात म्हशीला वैरण घालत होते. मी जाऊन उभा राहिलो.

“आप्पा, पत्ती बिघडली.”

“कशी?”

“मी बिघडवली. आज एक ओढली. अर्धी.” मी डोळे पुसले. “मला न्हाय जमत, आप्पा. तुम्ही दुसरं कुणीतरी बघा. बाहेरचा आणा सूर धरायला.”

आप्पांनी वैरणीचा भारा खाली ठेवला. मला वाटलं, आता पडतीय. त्यांनी पत्ती हातात घेतली, नाकाशी नेली आणि दोन बोटांत मोडून टाकली.

“बाळूनं बावीस वर्षांत एकदा सुदिक येऊन सांगितलं न्हाय,” ते म्हणाले. “मीबी कधी विचारलं न्हाय त्याला. माझीबी चूकच ती.” आणि कनवटीचं फडकं सोडून दुसरी कोरी पत्ती माझ्या हातावर ठेवली. म्हणजे ती त्यांनी आधीपासूनच जवळ ठेवली होती!

“दिवस सव्वीसच हायेत, आप्पा. मुरायला महिना लागतो.”

“मग जास्त येळ तोंडात धर. बडबड बी कमी हुईल तुझी.”

मी रडता रडता हसलो. “डबीत दोन राहिल्यात अजून.”

“तुझ्या डबीत मी हात घालत न्हाय,” आप्पा म्हणाले आणि म्हशीकडं वळले.

दुसऱ्या दिवशी मोरीखाली जाऊन मी दोन्ही सिगारेटी जालिंदरासमोर मुठीत चुरल्या आणि पाटात सोडल्या. तो किंचाळलाच, “आरं, माझ्याकडं तरी द्यायच्यास!” मग पाटात वाहत जाणारी तंबाखू बघत म्हणाला, “खरंच सोडलीस?” मी म्हणालो, “तुझ्यापेक्षा जास्त दम हाय माझ्यात.” गणपतीपासूनचं उट्टं फिटलं.

ते सव्वीस दिवस मी पत्तीशी संसार केला. उठल्यावर पत्ती, अभ्यासात पत्ती, आई बोलली की नुसती मान हलवायची. ओढावंसं वाटलं की पत्ती तोंडात आणि डोंगराच्या पायऱ्या. पहिल्या दिवशी चाळिसाव्या पायरीवर छाती फुटायला लागली. रामनवमीला सूर धरून नव्वदपर्यंत गेलो. बाळूकाका ओसरीवरून विचारायचे, “आज कितवी?” मी सांगितलं की त्यांचे डोळे लकाकायचे.

“एकसष्टावीला वळण हाय,” एकदा म्हणाले. “तिथं वारं समोरनं तोंडात शिरतंय. माझं तिथंच मोडलं. वर बघू नगंस तिथं. आप्पाच्या टाचा बघत ऱ्हा.”

यात्रेचा दिवस उजाडला. सकाळचं कोवळं ऊन, पायथ्याला सगळा गाव. काकांना दोघांनी धरून दीपमाळेच्या कट्ट्यावर आणून बसवलं होतं. पंच पुढंच उभे. मी पत्ती आप्पांच्या हातावर ठेवली. त्यांनी वास घेतला नाही, तपासली नाही, सरळ तोंडात धरली आणि सनईला बसवली. तेवढ्यानंच माझी छाती दोन बोटं रुंद झाली.

मी सूर लावला. संबळ कडाडला, पालखी उचलली, चढायला लागलो.

चाळीसपर्यंत मजेत. पन्नासला मांड्या भरून आल्या. मग ते वळण आलं आणि समोरून वारं असं आलं, की नाकानं ओढलेला श्वास घशातच अडकला. एकसष्टावी. कान बंद झाले, गालातली हवा संपत आली. सूर थरथरला. मागून भोयांची पावलं मंदावली, त्यांनाही मागचं साल आठवलं असणार. मी आप्पांच्या टाचा बघत होतो. वाटलं, आता आप्पा सांभाळून घेतील, सोपं काहीतरी वाजवतील, निदान एकदा मागं वळून बघतील.

आप्पांनी काय करावं? त्यांनी सनई वर उचलली आणि वरच्या पट्टीत अशी लांब तान घेतली, की खालून लोकांनी “चांगभलं!” म्हणून आरोळी ठोकली. खाली सूर पक्का असल्याशिवाय अशी तान कुणी घेत नाही. सूर तुटला असता तर ते सगळ्या गावासमोर उघडे पडले असते. मागं वळून त्यांनी बघितलंच नाही.

मग माझी काय बिशाद सूर सोडायची! कुठून आला ठाऊक नाही, पण आला श्वास. नाकातून पोटापर्यंत, स्वच्छ. बासष्ट. त्रेसष्ट. शंभराच्या पुढं मला पाय होते की नव्हते, आठवत नाही. एकशे बारावीला पालखी टेकली तेव्हा माझ्या ओठातून रक्त येत होतं आणि सूर चालूच होता. आप्पांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवून तो थांबवला.

पंचांनी नारळ दिला, फेटा बांधला. त्या फेट्याचं कौतुक नाही मला. यात्रेत फेटे ढिगानं बांधतात.

आम्ही खाली उतरलो तेव्हा काका कट्ट्यावर तसेच बसले होते, डोळे पाण्यानं भरलेले. त्यांनी मला काही म्हणायच्या आधी आप्पांना विचारलं, “एकसष्टावीला तान घेतलीस. पत्ती लईच गोड बोलली, आप्पा. कुणाकडनं आणलीस?”

“घरचीच हाय. पोरानं मुरवलीय.”

“वासूनं? तुझी पत्ती?”

आप्पांनी सनईची पत्ती सोडवली आणि भर यात्रेत, सगळ्यांच्या देखत, काकांच्या हातावर ठेवली. दुसऱ्याच्या पत्तीला हात न लावणारं आमचं घर. काकांनी ती दोन बोटांत धरली.

“वास घे,” आप्पा म्हणाले.

काकांनी पत्ती नाकाशी नेली. डोळे मिटले. पुन्हा एकदा हुंगली. मग गोंधळून आप्पांकडं बघितलं.

“कशाचाच येत न्हाय रं.”

“तेच तर म्हणतोय मी,” आप्पा म्हणाले. आणि मी सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझ्याकडं बघून हसताना पाहिलं.